नितळ पाणी आणि शुद्ध पाणी
(पारगाव येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही पुस्तक घेऊन आलो नाही. काचेचे तीन पेले आणले आहेत. तांब्याभर पाणी आहे. बांधावरची मूठभर माती आहे. थोडे मीठ आहे, पळीभर दूध आहे आणि एक बॅटरी आहे. एवढ्या सामानावर आजचा पाठ होणार आहे.

हे सामान पाहून मागे बसलेल्या आजी हसल्या. त्यांचे हसणे बरोबर आहे. माती, मीठ आणि दूध यांत तुमचा जन्म गेला. त्यातले आम्ही तुम्हांला काय शिकवणार? पण या रोजच्या वस्तूंमध्ये एक गोष्ट अशी आहे, की ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ती न कळल्यामुळे माणसे दगावतात. आम्हांलाही एकदा ती कळली नव्हती. त्याची किंमत दुसऱ्याच्या घराने मोजली. ते पुढे सांगतो. आधी पेल्यांकडे पाहा.

पहिल्या पेल्यात पाणी घेतले आणि चिमूटभर माती टाकून ढवळले. काय दिसते? पाणी गढूळ झाले. पावसाळ्यात आपली घोड नदी दिसते, तसे. आता हा पेला बाजूला ठेवू. थोड्या वेळाने माती तळाला बसू लागेल. फडक्यातून गाळले, तर काही माती फडक्यावर राहील.

दुसऱ्या पेल्यात पाणी घेतले आणि दुधाचे चार थेंब टाकले. पाणी पांढुरके झाले. हा पेला रात्रभर ठेवला तरी मातीसारखा थर तळाला बसणार नाही. दूध तापवून ठेवले की साय वर येते, हे खरे. पण सायीखालचे दूध पांढरेच राहते. आणि दूध फडक्यातून गाळले तर? सगळे खाली उतरते. फडक्यावर फार तर एखादे गवताचे कूस सापडेल.

तिसऱ्या पेल्यात पाणी घेतले आणि मीठ टाकून ढवळले. मीठ कुठे गेले? दिसत नाही. तळाला बसत नाही. गाळून निघत नाही. पाणी पहिल्यासारखेच नितळ आहे. पण ही ताई एक घोट घेईल, तर लगेच तोंड वाकडे करील. म्हणजे मीठ कुठे गेलेले नाही. पेल्यातल्या प्रत्येक थेंबात आहे. डोळ्याला कळले नाही, ते जिभेला कळले.

तिन्ही पेल्यांत पाणीच आहे. तिन्हींत काहीतरी मिसळले आहे. मग तीन तऱ्हा का झाल्या? याचे उत्तर एका शब्दात आहे. आकार. मिसळलेल्या वस्तूचा कण केवढा आहे, यावर सगळे अवलंबून आहे. मातीचा कण मोठा, दुधातला कण त्याहून लहान, आणि मिठाचा कण फारच लहान.

या तीन मिश्रणांना तीन नावे आहेत. आम्ही फळ्यावर लिहितो. तुम्ही सावकाश वाचा.

नि-लं-ब-न. द्रा-व-ण. क-लि-ल.

गढूळ पाणी हे निलंबन. एखाद्या कारकुनाचे निलंबन झाले असे तुम्ही ऐकले असेल. तो धड कामावर नसतो आणि धड घरी नसतो. मध्येच लोंबकळत असतो. मातीचे कणही तसेच पाण्यात काही काळ लोंबकळतात आणि मग खाली बसतात. मिठाचे पाणी हे द्रावण. त्यात मीठ विरघळलेले आहे. या दोघांच्या मधले ते कलिल. दूध हे कलिल आहे. तांदळाची पेज, शाई आणि चुलीचा धूर हीही कलिलेच. थॉमस ग्रॅहॅम नावाच्या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने १८६१ साली अशा वस्तूंना इंग्रजीत वेगळे नाव दिले. ते नाव त्याने सरस या अर्थाच्या एका जुन्या ग्रीक शब्दावरून घेतले. कारण सरसाचे पाणी त्याच जातीचे असते.

आता दिवा मालवू या. बॅटरीचा झोत मिठाच्या पाण्यातून सोडला. पेल्याच्या आत काही दिसते का? जवळजवळ नाही. आता तोच झोत दुधाच्या पाण्यातून सोडला. पाहा, पाण्यात उजेडाची काठी उभी राहिली! हे तुम्ही घरीही पाहिले आहे. छपराच्या भोकातून कवडसा पडतो, तेव्हा हवेत तरंगणारी धूळ दिसू लागते. एरवी ती धूळ दिसत नाही. धुळीवर उजेड आपटतो, विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे येतो. दुधातले कण एकेकटे दिसत नाहीत. पण ते कोट्यवधी असतात, आणि सगळे मिळून उजेड विखरतात. म्हणून दूध पांढरे दिसते. मिठाचे कण इतके लहान असतात, की त्यांच्यामुळे उजेडाची अशी काठी दिसत नाही. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी याचा अभ्यास केला. म्हणून या खुणेला त्याचे नाव पडले आहे.

हे कण केवढे असतात? शाळेच्या पट्टीवर सर्वांत बारीक रेघा असतात. दोन रेघांमधले अंतर एक मिलिमीटर. त्याचे दहा भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा ठिपका चांगल्या नजरेच्या माणसाला कसाबसा दिसतो. त्याहून लहान वस्तू सुट्टी दिसत नाही. आता एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. पटकीचा जंतू सुमारे दोन मायक्रॉन लांब असतो. असे पाचशे जंतू एका रांगेत झोपवले, तर पट्टीवरचा एक मिलिमीटर भरेल. दुधाला पांढरेपणा देणारे कितीतरी कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे असतात. आणि मिठाचा कण मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

हे आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून एक हिशेब सांगतो. तो अंदाजी आहे, पण कामाचा आहे. समजा, पाण्यात विरघळलेला मिठाचा कण ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. बाकीच्या वस्तूही त्याच मानाने वाढल्या. तर दुधातला बारीक कण माणसाच्या कमरेएवढा उंच होईल. पटकीचा जंतू पन्नास फूट लांब होईल. आणि ज्याची गोष्ट आता सांगणार आहोत, तो पाण्यातला बारीकसा किडा आठ किलोमीटर लांब होईल! आपण या सगळ्यांना एकच शब्द वापरतो, 'बारीक'. पण बारीक बारीकमध्ये ज्वारीचा दाणा आणि आठ किलोमीटर एवढा फरक आहे. म्हणून सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

आता त्या किड्याची गोष्ट.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्या माणसांना नारू आठवत असेल. माणसाच्या पायाला फोड यायचा. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोके काढायचा. हातभर, दोन हात लांब. तो ओढून काढता येत नसे. ओढला की तुटे आणि पाय सुजे. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस महिना महिना अंथरुणावर पडे. कोणी म्हणे दैवाचा कोप, कोणी म्हणे करणी.

खरे कारण पायऱ्यांच्या विहिरीत होते. आग होते म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवी. त्याच वेळी नारूची मादी पाण्यात हजारो पिल्ले सोडी. ती पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक किडा असतो. तो साधारण मिलिमीटरभर असतो. तो ती पिल्ले खाई. ते पाणी माणूस पिई, आणि किड्याबरोबर नारू पोटात जाई. वर्षभराने पायाला फोड येई. पुन्हा पहिल्यापासून तेच.

नारूला लस नव्हती. नारू बरा करणारे औषधही नव्हते. मग तो गेला कसा? सायक्लॉप्स मिलिमीटरभर असतो, आणि घट्ट विणीच्या फडक्याची भोके त्याहून लहान असतात. पाणी फडक्यातून गाळले, की किडा वर राहतो. उपाय एवढा साधा होता. आपल्या देशात १९८३ ते १९८४ च्या सुमारास सरकारने मोठी मोहीम सुरू केली. आपला महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. गावोगाव पाणी गाळायला शिकवले. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, किंवा पायऱ्या बुजवून रहाट बसवले. हातपंप दिले. पाण्यात किडे मारण्याचे औषध टाकले. १९९६ च्या जुलैत राजस्थानात देशातला शेवटचा रोगी सापडला. २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. कणाचा आकार ओळखला आणि त्याला पुरेशी चाळण लावली. एका फडक्याने केवढे काम केले पाहा.

पण इथेच माणूस फसतो. फडक्याने नारू गेला, म्हणजे गाळलेले पाणी शुद्ध झाले, असे तो समजतो. आम्हीही तसेच समजत होतो.

आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. मॅट्रिकची परीक्षा पास झालेला तरुण, अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि आपल्याला सगळे कळते ही समजूत. डोंगराकडच्या एका वाडीवर आमची शाळा होती. शाळेजवळ एक आड होता. त्याचे पाणी इतके नितळ, की वरून वाकून पाहिले तर तळाचे दगड मोजता येत. आम्ही मुलांना स्वच्छतेचे धडे देत असू. हंड्याला फडके बांधल्याशिवाय पाणी भरू देत नसू. त्याचा आम्हांला अभिमान होता.

पहिला पाऊस पडून गेला होता. एके दिवशी एक आरोग्य सेवक आला. त्याच्याजवळ ब्लीचिंग पावडरचा डबा होता. तो म्हणाला, "गुरुजी, आडात पावडर टाकतो. पावसाचं पाणी झिरपलंय." आम्ही म्हणालो, "अहो, या पाण्यात तळाचा दगड दिसतो. वर आम्ही गाळून घेतो. तुमच्या पावडरीच्या वासानं पोरं पाणी पीत नाहीत. पुढच्या खेपेला बघू." तो पोरगेलासा माणूस. गुरुजींपुढे काय बोलणार? डबा घेऊन निघून गेला.

आठवड्याच्या आत वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शाळेतली अकरा मुले आजारी पडली. कोणाला बैलगाडीतून, कोणाला पाठीवर घेऊन आम्ही खाली दवाखान्यात आणले. मुलांना सलाईन लावले. मुले वाचली. पण तिसरीतली एक मुलगी रोज शाळा सुटल्यावर आडाची कळशी भरून घरी नेत असे. तिच्या घरी दोन वर्षांचा भाऊ होता. तो एका रात्रीत गेला.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. रडली नाही. आमच्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मी तर फडकं बांधलं होतं. पाणी चांगलं दिसत होतं ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. खरे तर आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

तिने फडके बांधले होते, आणि जंतू फडक्यातून सहज उतरले. फडक्याची भोके जंतूच्या मानाने दिंडी दरवाजाएवढी. पण मग पाणी गढूळ का दिसले नाही? दुधातले पुष्कळ कण तर जंतूहूनही लहान, तरी दूध पांढरे दिसते. कारण असे, की दुधात कणांची गर्दी असते. पाण्यात जंतू तेवढे नसतात. एका थेंबात हजार-दोन हजार जंतू असले, तरी पाणी काचेसारखे नितळ दिसते. आजारी पाडायला तेवढे पुष्कळ झाले. म्हणजे पाणी नितळ आहे याचा अर्थ एवढाच, की त्यात उजेड अडवण्याइतकी गर्दी नाही. त्यात रोग नाही, असा त्याचा अर्थ नाही.

ही चूक आम्हीच केली असे नाही. शिकल्यासवरल्या शहरांनीही केली. १८५४ साली लंडन शहरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ आली. तिथल्या ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक पंप होता. एका बाईला त्या पंपाचे पाणी इतके आवडे, की ती दूर राहायला गेली तरी रोज गाडीवरून त्याची बाटली मागवी. साथीत ती बाई दगावली. तिच्याकडे आलेली पुतणीही ते पाणी प्याली आणि दगावली. आजूबाजूला दुसऱ्या कोणाला पटकी नव्हती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून ही माहिती जमवली आणि पंपाची दांडी काढायला लावली. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने आपल्या कलकत्त्यात येऊन पटकीचा जंतू ओळखून दाखवला. रोग्यांच्या पोटात आणि तळ्याच्या पाण्यात त्याला तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडला.

"मग फडके बांधूच नये का?" असे या दादांनी विचारले. बांधावे, जरूर बांधावे. बांगलादेशात काही खेड्यांतल्या बायकांना जुन्या साडीची चार ते आठ पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले. त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या खेड्यांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. कारण पटकीचे बरेच जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून बसतात. किडा अडला, की जंतूही अडतो. पण लक्षात घ्या, निम्मी पटकी गेली म्हणजे निम्मी उरली. मोकळा फिरणारा जंतू फडक्याला ऐकत नाही.

तेव्हा ज्याचा जसा आकार, तसा त्याचा उपाय. आता क्रमाने पाहू.

काडीकचरा आणि किडे यांना फडके.

गाळाला वेळ आणि तुरटी. जाड माती आपोआप बसते. बारीक चिकणमाती मात्र बसत नाही. तिचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटी फिरवली की हे लोटणे थांबते. कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात, जड होतात आणि खाली बसतात. दुधात लिंबू पिळले की दूध नासते, त्यातही असाच प्रकार असतो. गुऱ्हाळावर तुम्ही काय करता? रस उकळताना भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालता. रसातली बारीक घाण एकत्र येते आणि मळी होऊन वर तरंगते. मग ती झाऱ्याने काढून टाकता. जे बारीक आहे आणि हाती लागत नाही, त्याला एकत्र आणून मोठे करायचे. मग ते हाती लागते. तुरटी फिरवल्यावर अर्धा-एक तास पाणी हलवू नये. वरचे नितळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे.

जंतूंना पावडर किंवा उकळी. गावात जिला टीसीएल म्हणतात, ती ब्लीचिंग पावडर जंतू गाळत नाही, ठार मारते. पण तिचा एक नियम आहे. पाणी गढूळ असेल, तर तिची बरीच शक्ती गाळातच खर्च होते. जंतूही मातीच्या कणांआड लपून वाचतात. म्हणून आधी पाणी निवळू द्यावे, मग पावडर टाकावी. उलट केले तर पावडर फुकट. किती टाकायची, हे आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ठाऊक असते. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास थांबावे. मग थेंब टाकून रंग पाहण्याची एक परीक्षा करतात, तिला ओटी टेस्ट म्हणतात. पाण्याला पिवळी छटा आली, तर पावडर अजून पाण्यात शिल्लक आहे, म्हणजे पाणी राखले जात आहे. रंग आला नाही, तर पावडर संपली असे समजावे. पावडरीचा वास येतो म्हणून कुरकुर करू नका. तो राखणदाराच्या काठीचा आवाज आहे. आणि पावडर नसेल, तर पाणी खळखळून उकळावे. उकळी आली की मिनिटभर तशीच चालू ठेवावी. मग झाकून गार करावे.

आता राहिले मिठासारखे विरघळलेले. इथे फडके चालत नाही, तुरटी चालत नाही, पावडर चालत नाही आणि उकळीही चालत नाही. उकळल्याने पाणी आटते. विरघळलेले ते मागे राहते, आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

आपला हा भाग डिंभे धरणाच्या पाण्याने हिरवा झाला. ऊस आला. पारगावात भीमाशंकर साखर कारखाना उभा राहिला. चार पैसे हाती आले. चांगले झाले. पण उसाला आपण युरिया टाकतो. पिकाला लागतो तेवढा पीक घेते. उरलेल्यातला बराचसा पाण्यात विरघळतो आणि नायट्रेट होऊन जमिनीत खाली झिरपतो. जिथे खत फार आणि पाणीही फार, तिथे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढू शकते. उकिरडा किंवा संडासाचा खड्डा विहिरीजवळ असला तरी वाढते. त्याला रंग नाही, वास नाही, चवही जाणवत नाही. एका लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याचा मोठा धोका तान्ह्या मुलांना. अशा पाण्यात वरचे दूध कालवून पाजले, तर मुलाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. मूल निळसर पडते. म्हणून पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध द्यावे. वरचे पाणी देऊ नये. महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याकडे, कूपनलिकेच्या पाण्यात असेच न दिसणारे फ्लोराइड असते. त्याने दात डागाळतात आणि पुढे हाडेही दुखू लागतात.

मग हे ओळखायचे कसे? डोळ्याने कळत नाही, जिभेने कळत नाही. पाणी तपासणीला पाठवावे लागते, किंवा गावातच तपासणी संचाने पाहावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे शिकवावे, असे ठरले आहे. गावच्या पाण्याच्या सोयीची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्डही देतात. लाल म्हणजे धोका, हे रंगावरून कोणालाही कळते. पण तपासणीच्या कागदावर अक्षरे आणि आकडे असतात. ते वाचावे लागतात.

न दिसणारे सगळेच वाईट, असे मात्र समजू नका. जुलाब झालेल्या मुलाला वाचवते तेही एक द्रावणच. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. साखर, मीठ दिसेनासे झाले, की ते पाणी मुलाला घोट घोट पाजत राहावे, आणि दवाखान्यात न्यावे. दवाखान्यात ओआरएसची पुडी मिळते, ती याहून चांगली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी तयार करून रोग्यांना पाजायला लावले. आधी शंभरांत तीसपर्यंत माणसे मरत होती. ते प्रमाण शंभरांत चारच्याही खाली आले. सलाईनची बाटली आणि हे पाणी, दोन्हींत मूळ गोष्ट तीच. आमच्या वाडीवर त्या रात्री त्या घरात साखर होती, मीठ होते, चूलही होती. हे सांगणारे कोणी नव्हते. आम्ही मास्तर होतो, पण आम्हांलाच ठाऊक नव्हते.

आता पहिल्या पेल्याकडे पाहा. बोलता बोलता पुष्कळ वेळ गेला. माती बरीच खाली बसली आहे. वरचे पाणी निवळू लागले आहे. कोणी पिणार का? कोणी हात पुढे करत नाही. मग आजचा पाठ झाला.

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण आपण माणसांना लावतो. आजपासून ती पाण्यालाही लावा. आणि एक काम करा. गेल्या वर्षी या वर्गात येताना तुम्हांला कागद आणि त्यावरची अक्षरे सारखीच होती. कागद डोळ्यांना दिसत होता, पण तो काय सांगतो ते दिसत नव्हते. आता दिसते. तेव्हा उद्या चौघे-पाचजण मिळून ग्रामपंचायतीत जा. गावच्या पाण्याचा तपासणीचा कागद मागा. मागायला लाजू नका. तो कागद इथे आणा. जंतू आहेत की नाहीत, नायट्रेट ४५ च्या खाली आहे की वर, ते आपण सगळे मिळून वाचू. ज्याला जो आकडा लागेल, त्याने तो मोठ्याने वाचायचा.

त्या मुलीच्या वाडीत त्या वर्षी असा कागद नव्हता. आणि जो माणूस डबा घेऊन आला होता, त्याला आम्ही परत पाठवले. तुमच्या दारी तसा कोणी आला, तर त्याला घरात घ्या, बसायला पाट द्या, आणि विहीर दाखवा.

पेले धुऊन ठेवा.